किड इकारस, गेम बॉय: काही महिने खेळल्यावरचं मत

माझ्या गेम बॉयचं, म्हणजे निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या जुन्या यंत्राचं, ए बटण नीट लागेनासं झालं, म्हणून हे लिहायला घेतलं. दुसऱ्या कुठल्या गेममध्ये ए थोडं आळसावलं तर चालून जातं. ‘किड इकारस: ऑफ मिथ्स अँड मॉन्स्टर्स’मध्ये अजिबात चालत नाही. उडी मारल्यावर हेच बटण टकटक दाबत राहिलं की गेमचा पंखवाला नायक पिट पंख फडफडवत सावकाश खाली येतो. सगळा गेम या फडफडीवर उभा आहे. मधला एक दाब लागला नाही की तो सरळ खाली, आणि खाली लाव्हा असेल तर संपलं.

दुरुस्तीसाठी पुण्यात तापकीर गल्लीत गेलो, तर पहिल्याच दुकानात सांगितलं, “जुना माल आहे, पार्ट मिळत नाहीत, अख्खी बॉडी बदला.” बटणाखालच्या रबरासाठी अख्खी बॉडी? राग आला, निघालो. चार दुकानं पुढे एका काकांकडे मागच्या तीन पाकळ्यांच्या स्क्रूंना बसणारा स्क्रूड्रायव्हर होता. त्यांनी रबर उलटं करून दाखवलं. बी खालचा काळा ठिपका छान काळाभोर, ए खालचा झिजून चकचकीत झालेला. त्यांनी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, भंगारातल्या टीव्ही रिमोटचा ठिपका कापून ए खाली चिकटवला, आणि बॉडीच्या किमतीच्या मानाने नगण्य पैसे घेतले. बटण आता थोडं कडक लागतं, पण एकही दाब वाया जात नाही.

आता गेमबद्दल. सुरुवातीला मला तो नको तितका सोपा वाटला होता. १९८६ चा मूळ ‘किड इकारस’ उभ्या लेव्हलमध्ये निर्दयी होता: वर चढलात की खालचा भाग गेला, तिकडे पडलात तर मेलात. इथे खाली परत जाता येतं. मला वाटलं, लहान मुलांसाठी धार काढून टाकली.

ते मत मी बदललंय. खाली जाता येतं म्हणूनच पंखांना काम आहे. हातोडा घेऊन भिंती फोडत, सुटलेल्या खोल्या शोधत पुन्हा खाली उतरायचं, फडफडत, एकेक कट्टा न्याहाळत. ग्रीक दंतकथेतला इकारस मेणाने जोडलेले पंख लावून सूर्याजवळ गेला, मेण वितळलं आणि तो पडला. पिटचे पंख तर उडवतच नाहीत, फक्त पडणं लांबवतात. खरं उड्डाण पेगससचे (ग्रीक पुराणातल्या उडत्या घोड्याचे) पंख मिळाल्यावरच. पुराणातली गोष्ट एका बटणात इतकी नेमकी बसवलेला दुसरा गेम मी खेळलेलो नाही.

एक गोष्ट मात्र आजही पटत नाही. किल्ल्यात वांग्याच्या जादूगाराने पिटचं वांगं केलं की बाण मारता येत नाही, आणि बरं व्हायला दवाखान्याची खोली शोधत चक्रव्यूह परत तुडवायचा. यात कसब नाही, नुसता वेळ जातो.

हा गेम दुर्लक्षित राहिला याचं मला वाईट वाटतं. अमेरिकेत तो नोव्हेंबर १९९१ मध्ये आला, त्याच महिन्यात गेम बॉयवरच ‘मेट्रॉइड २’ हा दुसरा गेमही आला. जपानमध्ये तर तेव्हा आलाच नाही. मालिकेतला पुढचा गेम थेट २०१२ मध्ये, निन्टेंडोच्या थ्रीडीएस या नंतरच्या यंत्रावर. त्याच वर्षी हाही थ्रीडीएसच्या ऑनलाइन दुकानात डाउनलोडला मिळू लागला होता, पण ते दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं.

पडद्याला स्वतःचा उजेड नाही, त्यामुळे मी दुपारी गॅलरीत खेळतो. पावसाळ्यात मात्र ट्यूबलाइटखाली बसावं लागतं. चार डबल ए सेल लागतात. चार्जिंगचे घ्या, साधे घ्याल तर महिन्याच्या हिशोबात ते दिसतील. लाल दिवा मंद झाला की लेव्हल संपवून थांबा.

कुणी जुना गेम बॉय विकत घेत असेल तर पैसे देण्याआधी कुठलाही उडीचा गेम लावा आणि ए बटण भराभर दाबून बघा. विकणारा आधी कॉन्ट्रास्टचं चाक फिरवून पडदा दाखवेल. तुम्ही आधी बटण मागा.