बँगोरमध्ये नऊ महिने: दोन भाषांत चालणाऱ्या विद्यापीठाचा अनुभव

सप्टेंबरमध्ये एमएस्सीसाठी वेल्समधल्या बँगोर विद्यापीठात आलो. येण्याआधी ज्याला त्याला विचारलं, सगळे फी आणि रँकिंगवरच बोलले. भाषेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, म्हणून हे लिहितोय.

पहिल्याच आठवड्यात एका कार्यक्रमाला गेलो. दारात हेडफोन वाटत होते. वक्ता वेल्शमध्ये, म्हणजे वेल्सच्या स्वतःच्या भाषेत, बोलत होता आणि माझ्या कानात इंग्रजी भाषांतर चालू होतं. शेजारच्या आजी मात्र हेडफोनशिवाय आरामात ऐकत बसल्या होत्या. यंत्र कानाला लावायचं ते इंग्रजीवाल्याने! मराठी शाळेतून आलेल्या माझ्यासारख्याला हे बघून भरून आलं. आमच्याकडे बोर्ड मराठीत आणि फॉर्म इंग्रजीत. इथे ईमेलसुद्धा आधी वेल्शमध्ये, मग इंग्रजीत. विषय इंग्रजीतून शिकलात तरी उत्तरपत्रिका वेल्शमध्ये लिहिता येते.

हे आयतं मिळालेलं नाही. 1884 मध्ये एका जुन्या सराईत 58 विद्यार्थ्यांवर कॉलेज सुरू झालं. जवळच्या खाणींतल्या मजुरांनी आठवड्याच्या पगारातून पेनी-पेनी काढून दिली. त्या खाणी पाटीच्या दगडाच्या, ज्यावर आपण अ-आ-इ-ई गिरवलं तोच दगड. मजूर बोलायचे वेल्श, पण त्यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या कॉलेजात शिकवणं इंग्रजीत! वेल्श विषय सोडून बाकीचे विषय वेल्शमधून शिकवायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. हे मला अजून बोचतं.

1893 पासून अ‍ॅबरिस्टविथ आणि कार्डिफमधल्या कॉलेजांसोबत हे कॉलेज वेल्स विद्यापीठाचा भाग होतं. पदवीवर नाव त्या विद्यापीठाचं, आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांसारखं. 2007 मध्ये ती संघीय रचना सुटली, बँगोरला स्वतःच्या पदव्या द्यायचा अधिकार मिळाला आणि नावही बदललं. 2009 नंतर आलेल्या सगळ्यांना बँगोरचीच पदवी.

तोटेही सांगतो. मुख्य इमारत टेकडीवर, पाऊस सतत, आणि खोलीच्या मालकाने हीटर दुरुस्त करायला पाच आठवडे लावले. शिवाय वेल्शचा एक शब्द न शिकता वर्ष सहज निघून जातं, बाहेरून आलेले बरेच जण तसंच करतात. तसं करू नका. रस्त्यावर ‘araf’ लिहिलेलं असतं, त्याचा उच्चार ‘आरव’ आणि अर्थ ‘हळू’. मी सुरुवात तिथूनच केली. आता कँटीनमधल्या मावशींना ‘दिओल्ख’ (धन्यवाद) म्हटलं की त्या थांबून वेल्शमध्येच पुढचं विचारतात. निम्मं कळतं.