मुद्देवार लेखी युक्तिवाद: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीच्या सुट्टीनंतर कोर्ट उघडलं तेव्हापासून मी लेखी युक्तिवाद लिहायची पद्धत बदलली. त्याला आता नऊ महिने झाले. माझं काम तालुक्याच्या दिवाणी कोर्टात, बहुतेक जमिनीचं आणि वहिवाटीचं. अशा दाव्यांत ही पद्धत कितपत चालते हे मला सुरुवातीला कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

पद्धत मूळची वरच्या कोर्टातली. मुंबई उच्च न्यायालयात रिट दाखल करताना सिनॉप्सिस जोडतात, त्यात तारखा आणि घटना, मांडायचे मुद्दे, कायदे, निवाडे असं सगळं आटोपशीर येतं. मी ते खाली आणलं आणि एक बदल केला. पहिल्या पानावर तारखांचा तक्ता, आणि त्यापुढचा सगळा मजकूर कोर्टाने दाव्यात काढलेल्या मुद्द्यांच्या, म्हणजे ज्यांवर निर्णय द्यायचा त्या प्रश्नांच्या, क्रमाने. याला कारण आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २० नियम ५ प्रमाणे न्यायाधीशांना सहसा प्रत्येक मुद्द्यावर निष्कर्ष आणि कारणं लिहावीच लागतात. आपला कागद त्याच क्रमात असेल तर निकालपत्र डिक्टेट करताना तो समोर उघडा राहतो. नसेल तर बंडलात जातो. तसंही ऑर्डर १८ नियम २(३ए) मध्ये लेखी युक्तिवाद थोडक्यात आणि वेगवेगळ्या शीर्षकांखाली द्यावा असंच म्हटलं आहे. २००२ पासून हे पुस्तकात आहे, पण आम्ही बहुतेक जण शेवटच्या तारखेला दावा किंवा कैफियतच (प्रतिवादीचं दाव्याला लेखी उत्तर) नव्याने टाइप करून देतो.

माझं आधीचं लिखाण असं असायचं: ‘सदरहू वादीने सदरहू मिळकतीबाबत खोटे, लबाडीचे व बनावट कथन करून मे. कोर्टाची दिशाभूल केलेली असून…’ अशी दोन-दोन पानं. पक्षकार खूश व्हायचा. न्यायाधीशांना त्यातून हाती काहीच लागत नव्हतं.

फरक कुठे पडला ते एका दाव्यावरून सांगते. वादीचं म्हणणं, आमच्या उत्तरेच्या बांधावरून त्याचा पूर्वापार बारा फुटी गाडीरस्ता आहे. मी प्रतिवादीकडून. या वेळी पहिल्या मुद्द्याखाली एवढंच लिहिलं (नि. म्हणजे निशाणी, रेकॉर्डवरच्या कागदाला कोर्टाने दिलेला क्रमांक): ‘वादीचा रस्ता उत्तरेच्या बांधावरून जातो (दावा, परिच्छेद ४). त्या बांधालगत २००९ सालची विहीर आहे, हे वादीने उलटतपासात कबूल केले (नि. ४१, पान ३). कोर्ट कमिशनरच्या नकाशात विहीर व बांध यांत चार फूट जागा आहे (नि. २८). चार फुटांतून बैलगाडी जात नाही.’

यात माझी दुखरी बाजूही होती. विहिरीच्या आधी रस्ता असेल तर? जुन्या सवयीने मी तो प्रश्न दडवला असता आणि समोरच्या वकिलांनी तो वर काढला असता. आता खालीच लिहिलं: विहिरीने रस्ता अडला असता तर मामलेदार कोर्ट कायदा १९०६ खाली सहा महिन्यांत तहसीलदारांकडे जाता आलं असतं, वादी गेला नाही, तक्रारही केली नाही. तोंडी युक्तिवादाच्या वेळी साहेबांनी नकाशा पुढे ओढला, विहिरीवर बोट ठेवलं आणि थेट वादीच्या वकिलांना चार फुटांबद्दल विचारलं. निकालपत्रात पहिल्या मुद्द्याची कारणं याच क्रमाने आली. बारा वर्षांच्या वकिलीत असं पहिल्यांदाच घडलं आणि मला मनापासून आनंद झाला.

निशाणी ५ च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाई हुकुमाच्या, अर्जातही उपयोग होतो. प्रथमदर्शनी केस, सोय-गैरसोयीचा समतोल, भरून न निघणारं नुकसान, या तीन शीर्षकांखाली लिहायला बसलं की कळतं, तिसऱ्यावर आपण एका ओळीपलीकडे कधी काही लिहिलंच नव्हतं. पिकाचं नुकसान म्हटलं की समोरून उत्तर येतं, पैशात भरून देऊ. विहीर बुजवणार, झाडं तोडणार असं ठोस काही असेल तर तेच पुढे आणावं लागतं.

निवाड्यांच्या बाबतीत आधी चौदा-चौदा सायटेशन जोडायचे, आता दोन, परिच्छेद क्रमांकासह. इंग्रजी उतारा न चिकटवता त्याचं सार माझ्या मराठीत देते आणि प्रत मागे लावते.

आता त्रास. वेळ दुप्पट लागतो. प्रत्येक वाक्याला निशाणी आणि पान शोधायचं तर उलटतपास पुन्हा ओळ न् ओळ वाचावा लागतो. एकदा मी माझ्या ऑफिस कॉपीचं पान टाकलं, कोर्टाच्या रेकॉर्डवरचं नाही. साहेबांनी ते पान उघडलं, तिथे दुसऱ्याच साक्षीदाराची साक्ष होती. त्या दिवशी उरलेल्या खऱ्या संदर्भांवरचाही विश्वास गेला, हे चेहऱ्यावर दिसलं. तेव्हापासून रेकॉर्ड पाहण्याचा अर्ज देऊन पानं जुळवल्याशिवाय सही करत नाही. शिवाय प्रत समोरच्याला त्याच वेळी द्यावी लागते, त्यामुळे आपला तक्ता त्यांनाही आयता मिळतो. हे मी मान्य केलंय. तक्ता खरा असेल तर तो त्यांच्या हातात असल्याने बिघडत नाही.

आणि साक्ष मोडली असेल तर ही पद्धत वाचवत नाही. एका वाटपाच्या दाव्यात आमचा मुख्य साक्षीदार उलटतपासात कोसळला. मुद्देवार लिहायला बसले आणि तिसऱ्या मुद्द्याखाली लिहायला काहीच उरलं नाही. दावा हरलो. पण ते कागदावर आधीच दिसल्याने पक्षकाराला निकालापूर्वी तडजोडीबद्दल स्पष्ट सांगता आलं. त्याने ऐकलं नाही, ही वेगळी गोष्ट.

पक्षकारांची तक्रार मात्र कायम आहे: ‘ताई, एवढंच लिहिलं?’ सोळा पानांची सहा झाली की फी जास्त झाली असं त्यांना वाटतं. मी त्यांना बसवून पहिलं पान मोठ्याने वाचून दाखवते.

आता हीच शिस्त कैफियतीला लावतेय. ‘दाव्यातील सर्व मजकूर मान्य व कबूल नाही’ असं मोघम लिहिणं ऑर्डर ८ च्या नियम ३ ते ५ पुढे टिकत नाही, जे स्पष्टपणे नाकारलं नाही ते कबूल धरलं जाऊ शकतं. काल तेवीस परिच्छेदांच्या दाव्याला उत्तर लिहिलं, त्यातले सात परिच्छेद सरळ मान्य केले. त्या सातांवर पक्षकाराची सही घ्यायला तासभर लागला.