जुन्या आयरिसच्या नावाखाली १५० डॉलर गेले, गड्डे विकत घेणार असाल तर वाचा

आम्ही ओहायोत जुनं घर घेतलं, १९३० च्या आसपासचं, आणि पहिल्याच मे मध्ये गॅरेजच्या मागे आयरिस फुलले, म्हणजे गड्ड्यांपासून वाढणारं फुलझाड. एक गडद जांभळा आणि दुसरा फिकट निळसर, त्याला चक्क द्राक्षांचा वास. कोणी लावले, कधी लावले, सांगणारं कोणी उरलेलं नाही. मला मात्र नावांचा किडा चावला.

शोधता शोधता ऑनलाइन एक माणूस सापडला, "जुन्या जातींचा जाणकार". जवळच राहतो म्हणाला, घरी येऊन बघून गेला, ढीगभर फोटो काढले. म्हणे हे रस्त्याकडेला उगवणारं सामान आहे, याला कोण विचारतं, जुलैत मी फुकट उपटून देतो, जागा मोकळी होईल. जुलैत आला, दोन बादल्या भरून गड्डे घेऊन गेला आणि मी वेडी, त्याला आल्याचा चहा पण पाजला. वर त्याच्याकडून "मादाम शेरो"चे सहा गड्डे घेतले, २५ डॉलरला एक. १८४४ ची फ्रेंच जात, पांढऱ्या पाकळीला निळ्या दोऱ्याने काठ शिवल्यासारखी. फोटो बघून जीवच गेला हो.

जाताना सांगून गेला, पहिल्या वर्षी फूल नाही आलं तर घाबरू नका. हे खरंही आहे, हलवलेला आयरिस कधी कधी एक वर्ष दांडी मारतो, म्हणून तर मला शंका आली नाही. पण हिशोब बघा, गड्डे जुलैत घ्यायचे, फूल मे मध्ये, म्हणजे दहा महिने, आणि मी ज्या पेमेंट ॲपवरून पैसे दिले त्यावर तक्रारीची मुदत १८० दिवस. फूल बघून तक्रार करू म्हटलं तर मुदत कधीच संपलेली.

सहापैकी एक गड्डा ऑगस्टमध्येच सडला, दाबला तर आत पिचपिचीत, घाण वास आणि बोटाएवढी गुलाबी अळी, म्हणजे बोरर, गड्डा पोखरणारी कीड, पण सोबत फुकट. दोन फुललेच नाहीत. तीन फुलले ते गडद जांभळे! मी गॅरेजमागे उरलेल्यातला एक दांडा तोडून नव्या फुलाशेजारी एकाच ग्लासात ठेवला, पाकळीवरच्या दाढीची (केसाळ पट्ट्याची) टोकं तशीच पिवळी, पानाच्या बुडाशी तसाच जांभळा रंग, उंची तीच. माझेच गड्डे मला विकले का ते सिद्ध करता येणार नाही, पण नवरा अजून हसतोय.

मग नीट वाचायला घेतलं. अमेरिकेत जुन्या आयरिससाठी १९८८ पासून एक संस्था आहे, हिस्टॉरिक आयरिस प्रिझर्व्हेशन सोसायटी, ३० वर्षांपेक्षा जुनी जात त्यांच्याकडे ऐतिहासिक धरतात. नुसत्या रंगावरून नाव लागत नाही कारण जांभळ्या जाती हजारोंनी आहेत, उंची, वास, फुलायचा आठवडा, पानाचं बूड, कळीवरचं आवरण सगळं जुळावं लागतं. माझ्या द्राक्षवासवाल्याचं आवरण फुलायच्या आधीच कांद्याच्या सालासारखं कोरडं, चंदेरी, ही आयरिस पॅलिडा या प्रजातीची खूण. प्रामाणिक विकणारा माहीत नसेल तर सरळ "नोआयडी", म्हणजे जात ओळखलेली नाही, असं लिहितो. तुम्ही गड्डा कुठून आणला विचारा आणि त्याच्या स्वतःच्या वाफ्यातला, पानं-दांड्यासकट फोटो मागा, नुसता फुलाचा क्लोजअप नको. आणि रोख देऊ नका, ॲपवर दिले तरी मुदत मोजा.

यंदा त्याची नवीन जाहिरात दिसली. "चारशे वर्षं जुना, द्राक्षगंधी, दुर्मिळ", ३० डॉलरला एक गड्डा. फोटोत फुलाच्या मागे हिरवा पोपडे उडालेला दरवाजा. आमच्या गॅरेजचा! तक्रार केली, दोन दिवसांत जाहिरात गेली आणि माणूसही.

बादलीतून सुटलेला त्यातला एक गड्डा कुंपणाशी राहिला होता, त्याचे आता चार झालेत. जुलैत वेगळे करीन, गड्ड्याची पाठ उन्हात उघडी ठेवून लावीन. पाटीवर सध्या फक्त "गॅरेज" लिहिलंय.