सेलेनियम, सायप्रेस की प्लेराइट : प्रश्न थांबण्याचा आहे

सेलेनियम, सायप्रेस आणि प्लेराइट ही वेबसाइटच्या टेस्ट ब्राउझरमध्ये आपोआप चालवणारी साधनं. बटण दाबणं, फॉर्म भरणं, स्क्रीनशॉट घेणं तिघांनाही जमतं. त्यावरून निवड करू नका. टेस्ट आपल्या मशीनवर पास होते आणि सीआयवर (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) अधूनमधून आपटते, तेव्हा काय होतं ते बघा. बहुतेकदा प्रश्न असतो तो पान तयार होईपर्यंत टेस्टने नीट थांबण्याचा.

सेलेनियममध्ये एलिमेंट शोधला की त्या क्षणीच्या डॉम नोडचा (ब्राउझरने उभ्या केलेल्या पानाच्या रचनेतल्या त्या घटकाचा) संदर्भ हाती येतो. तेवढ्यात रिअ‍ॅक्टने (पान रंगवणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररीने) यादी पुन्हा रेंडर केली की तो नोड गेलाच, आणि क्लिकच्या ओळीवर 'स्टेल एलिमेंट'ची, म्हणजे शिळ्या संदर्भाची एरर. मग कोणीतरी ३ सेकंदांचा स्लीप (नुसतं थांबणं) टाकतं, पुढचा तो ५ करतो. इम्प्लिसिट वेट (प्रत्येक शोधाला लागू होणारी सरसकट मुदत) आणि एक्स्प्लिसिट वेट (ठरावीक अट पूर्ण होईपर्यंत थांबणं) एकत्र केले तर टाइमआउटचा हिशेबच लागत नाही. फक्त एक्स्प्लिसिट वेट लिहिले तर सगळं सुरळीत चालतं, हे मान्य. पण ती शिस्त टीममधल्या प्रत्येकाने प्रत्येक टेस्टमध्ये पाळायची. माझं मन उडालं ते इथे.

प्लेराइटचा लोकेटर (एलिमेंट कसा शोधायचा त्याचं वर्णन) एलिमेंट धरून ठेवत नाही, दर वेळी नव्याने शोधतो. क्लिकआधी बटण दिसतंय का, हलायचं थांबलंय का, एनेबल्ड आहे का, वर लोडरचा पडदा तर नाही ना, हे स्वतःच तपासतो. मेख एवढीच, की 'इझ व्हिजिबल' न थांबता लगेच उत्तर देतं. म्हणून तपासणी 'एक्स्पेक्ट'मधल्या 'टू बी व्हिजिबल'ने करा. ती डीफॉल्ट ५ सेकंद पुन्हा पुन्हा बघते. 'अवेट' (काम पूर्ण होईपर्यंत थांब, असं सांगणारा शब्द) विसरलात तर टेस्ट खोटीच पास होऊ शकते, तेव्हा लिंटमध्ये (कोडमधल्या चुका आपोआप दाखवणाऱ्या साधनात) ती विसर पकडणारा 'नो फ्लोटिंग प्रॉमिसेस' हा नियम चालू हवा. आणि प्लेराइटचं व्हर्जन वाढवल्यावर त्याचे ब्राउझर पुन्हा इन्स्टॉल करा, नाहीतर सीआयवर ब्राउझरच सापडत नाही.

सायप्रेसचं डीबगिंग फार गोड. पण टेस्ट ब्राउझरच्या आतच धावते, त्यामुळे दुसरा टॅब थेट हाताळता येत नाही आणि लॉगिन वेगळ्या डोमेनवर असेल तर 'ओरिजिन' कमांडची कसरत. एकाच डोमेनच्या अ‍ॅपला ते पुरेल.

खरीखुरी सफारीच हवी असेल (प्लेराइटचं वेबकिट, म्हणजे सफारीमागचं इंजिन, ही सफारी नव्हे) किंवा टेस्ट रूबीत असतील, तर सेलेनियमवरच राहा. बाकीच्यांनी सर्वांत त्रासदायक ५ टेस्ट प्लेराइटमध्ये लिहाव्यात, रिट्राय (आपटल्यावर पुन्हा प्रयत्न) ० ठेवावा आणि 'रिपीट ईच' ५० देऊन, म्हणजे प्रत्येक टेस्ट ५० वेळा, सीआयवर चालवाव्यात. ट्रेस (टेस्टच्या धावेची नोंद) चालू ठेवा. जी आपटेल तिच्या प्रत्येक पायरीचा डॉम आणि नेटवर्क त्यात दिसतं.