एचआरव्हीवरून साठलेला ताण मोजायचाय: पट्टा, अंगठी, घड्याळ की मोबाइल?

एचआरव्ही म्हणजे हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या अंतरात होणारा चढउतार. ताण साठला की तो सहसा कमी होतो. आधी आकडा कोणता ते बघा. ओरा अंगठी आणि गार्मिनची घड्याळं रात्रभराचा आरएमएसएसडी देतात, म्हणजे लागोपाठच्या ठोक्यांमधल्या अंतराचा फरक. ॲपलचं घड्याळ देतं एसडीएनएन, म्हणजे सगळ्या अंतरांचं प्रमाण विचलन. दोन्ही मिलिसेकंदांत असले तरी एकाची दुसऱ्याशी तुलना करता येत नाही. मित्राच्या आकड्याशी तर नकोच. वयानुसारच तो बराच घसरतो.

अचूकता हवी तर पोलर एच १० सारखा छातीचा पट्टा. तो हृदयाचे विद्युत संकेत टिपतो. उठल्यावर लघवीला जाऊन या, पट्ट्याचे इलेक्ट्रोड ओले करा, बसून एक मिनिट थांबा आणि मग तीन ते पाच मिनिटं मोजा, चहाच्या आधी. बोलायचं नाही आणि श्वास मुद्दाम संथ करायचा नाही. मिनिटाला सहा श्वास घेतले की आकडा फुगतो, ताण मात्र तिथेच असतो. इलेक्ट्रोड कोरडे राहिले तर ठोके सुटतात. एखादा ठोका अवेळी पडला तरी गोंधळ होतो: मिनिटाला ६० ठोके आणि आरएमएसएसडी ३० असताना ४०० मिलिसेकंद लवकर पडलेला एकच ठोका पाच मिनिटांच्या नोंदीत तो ६४ च्या आसपास नेतो, एका मिनिटाच्या नोंदीत १३० वर. म्हणून असे ठोके गाळणारं ॲपच घ्या.

रोज सकाळी हे जमणार नसेल (बहुतेकांना महिन्याभरात कंटाळा येतो) तर अंगठी किंवा रात्री मोजणारं घड्याळ बरं. प्रकाशाने नाडी टिपणाऱ्या सेन्सरला हालचाल सोसत नाही, पण झोपेत ती कमी असते. मात्र दारू, उशिराचं जड जेवण, ताप यांनीही रात्रीचा आकडा पडतो. त्या रात्रींवर खूण करा. ॲपलचं घड्याळ दिवसभरात अधूनमधून, आणि श्वसनाच्या सत्रातही मोजतं, त्यामुळे साठलेल्या ताणासाठी ते सगळ्यात अडचणीचं.

मोबाइलचा कॅमेरा फुकट. पण सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे दोन फ्रेममध्ये ३३ मिलिसेकंद, आणि मोजायचाय तो फरकच साधारण तेवढा! मधल्या जागा ॲप गणिताने भरतं. बोट गार असेल किंवा जोरात दाबलं असेल तर तेही हुकतं.

साधन कुठलंही घ्या, पहिले तीन-चार आठवडे फक्त नोंद करा. त्यातून तुमचे नेहमीचे आकडे कुठून कुठपर्यंत असतात ते कळेल. नंतर सात दिवसांची सरासरी त्याच्या खाली दोन-तीन आठवडे राहिली तरच दखल घ्या. पाळी येणाऱ्यांनी चक्राच्या त्याच टप्प्याशी तुलना करावी. उत्तरार्धात आकडा एरवीही थोडा उतरतो. एट्रियल फिब्रिलेशन (ठोके अनियमित पडण्याचा विकार) किंवा पेसमेकर असेल तर यातलं काहीच घेऊ नका. बीटा ब्लॉकर (ठोके संथ करणारं औषध) नव्याने सुरू झालं तर नोंद पहिल्यापासून करा.

जोडीला शेल्डन कोहेन यांची १० प्रश्नांची ताण-प्रश्नावली महिन्यातून एकदा भरा. गुण ० ते ४०. गुण चढत असतील आणि एचआरव्ही जागचं हलत नसेल, तर प्रश्नावलीवर विश्वास ठेवा.