पर्सियस डिजिटल लायब्ररी : एका ग्रीक क्रियापदाच्या निमित्ताने

उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेत येशूच्या क्रुसावरील सहाव्या उद्गारावर बोलण्याची जबाबदारी या वर्षी माझ्याकडे आली. मराठी बायबलात तो उद्गार (योहान १९:३०) ‘पूर्ण झाले आहे’ असा आहे. मूळ ग्रीकमध्ये मात्र ‘तेतेलेस्ताइ’ हा एकच शब्द आहे. मोबाइलवरील एका बायबल ॲपने त्याचा अर्थ ‘सर्व रक्कम चुकती झाली’ असा दिला होता आणि त्या काळी कर्जाच्या पावत्यांवर हाच शब्द लिहीत, अशी पुस्तीही जोडली होती. आधार मात्र कोठेच दिलेला नव्हता. तो शोधण्यासाठी मी अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस डिजिटल लायब्ररी या विनामूल्य संकेतस्थळाकडे वळलो.

येथे वेस्टकॉट आणि हॉर्ट यांनी संपादित केलेली नव्या कराराची ग्रीक संहिता आहे. तिच्यातील कोणत्याही शब्दावर बोट ठेवले की त्याचे व्याकरण समोर येते. ‘तेतेलेस्ताइ’पुढे तृतीय पुरुष, एकवचन, पूर्णकाळ, निश्चयार्थ (म्हणजे साधे विधान) अशी नोंद मिळते. कर्मणी आणि मध्यम (कर्ता स्वतःसाठी किंवा स्वतःवर क्रिया करतो तो) या दोन्ही प्रयोगांचे रूप या काळात एकच असल्यामुळे यंत्र त्यांतले एक निवडत नाही, ते काम वाचकावर सोपवते. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला. आरंभीचा ‘ते’ हे धातूच्या पहिल्या व्यंजनाचे द्वित्व आहे. ज्यांनी संस्कृतात ‘चकार’, ‘बभूव’ ही रूपे घोकली आहेत, त्यांना ते पाहताच ओळख पटेल. क्रिया पुरी झाली आणि तिचा परिणाम आता टिकून आहे, हे ग्रीक पूर्णकाळ सांगतो, आणि म्हणूनच आपल्या भाषांतरातील ‘आहे’ हा शब्द वगळता येत नाही. नुसते ‘पूर्ण झाले’ म्हटले असते तर अर्धा अर्थ गळाला असता.

तेथूनच लिडेल आणि स्कॉट यांच्या कोशातील ‘तेलेओ’ या धातूची नोंद उघडते. तडीस नेणे, देणे किंवा कर चुकता करणे, गूढ विधींची दीक्षा देणे असे अर्थ तेथे उदाहरणांसह मांडलेले आहेत. कर भरण्याचा अर्थ नव्या करारातही आहे; मत्तय १७:२४ मध्ये मंदिराच्या कराविषयी विचारताना हेच क्रियापद येते. त्यामुळे ॲपचे म्हणणे क्षणभर खरे वाटले. परंतु पर्सियसवर पूर्ण उतारा समोर असल्यामुळे दोनच ओळी वरची ओळ नजरेस पडली : योहान १९:२८ मध्ये हेच रूप ‘आता सर्व पूर्ण झाले आहे’ या अर्थाने आलेले आहे, आणि तेथे पैशाचा मागमूसही नाही. ज्या पावत्यांचा दाखला दिला जातो, त्या इजिप्तमध्ये सापडलेल्या जकातीच्या पावत्या आहेत. त्यांवर ‘तेतेल्’ एवढाच संक्षेप असून, पूर्वी तो ‘तेतेलेस्ताइ’ असा वाचला गेला, तरी नंतरच्या संपादकांनी ‘तेतेलोनेताइ’, म्हणजे ‘जकात भरली आहे’, असा लावला. हे दुसरे क्रियापद आपल्या बायबलातील ‘जकातदारा’च्या ग्रीक शब्दाशी जोडलेले आहे. पावत्यांचा हा भाग मला पर्सियसबाहेर शोधावा लागला.

हा कोश मुख्यतः अभिजात ग्रीकचा आणि इंग्रजीत आहे, शिवाय नोंदी संक्षेपांनी भरलेल्या आहेत. ग्रीक लिपी आणि क्रियापदांचे काळ यांची तोंडओळख नसलेल्या माणसाने थेट येथे येऊ नये. आधी सहा महिने एखादे प्राथमिक व्याकरण हाती धरावे. ज्याची तेवढी तयारी झाली आहे आणि ज्याला मंडळीपुढे उभे राहून मूळ शब्दाचा हवाला द्यायचा आहे, त्याने मात्र बोलण्यापूर्वी येथे तासभर बसावेच. मी माझ्या टिपणातून कर्ज चुकते झाल्याचा परिच्छेद काढून टाकला आणि त्या जागी अठ्ठाविसावी ओळ लिहून घेतली.