भरवसा नसलेल्या तिघींची साक्ष

पॉला हॉकिन्स यांच्या ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ या २०१५ सालच्या इंग्रजी रहस्य कादंबरीत तीन स्त्रिया आळीपाळीने गोष्ट सांगतात, आणि त्यांतली एकही शेजारीण म्हणून मला चालणार नाही. रेचल दारूच्या आहारी गेलेली आहे, मेगन नवऱ्याशी खोटे बोलते, आणि दुसरीचा संसार मोडल्याचा ॲनाला खेद तर नाहीच, उलट थोडा तोराच आहे.

रेचलची नोकरी कधीच सुटली आहे. पण जिच्या घरी ती राहते त्या मैत्रिणीला ते कळू नये म्हणून ती रोज सकाळी ८.०४ च्या गाडीने लंडनला जाते आणि परतताना पिशवीतले जिन-टॉनिकचे कॅन रिचवते. सिग्नलपाशी गाडी रेंगाळली की रुळांलगतच्या घरातले एक जोडपे तिला दिसते. त्यांना तिने मनानेच जेस आणि जेसन अशी नावे देऊन टाकली आहेत. त्याच रस्त्यावर, काही घरे सोडून, तिचा घटस्फोटित नवरा ॲनाबरोबर राहतो. जोडप्यातली ती बाई, म्हणजे मेगन, एका शनिवारी रात्री नाहीशी होते, आणि रविवारी डोक्याला जखम घेऊन जाग्या झालेल्या रेचलला आदल्या रात्रीचे जवळजवळ काहीच आठवत नसते.

वाचकापासून लपवाछपवी करणारा निवेदक रहस्यकथेला नवा नाही. रेचल मात्र काही दडवत नाही, तिचे तिलाच ठाऊक नसते. आठवणीतल्या भोकांना इतरांनी सांगितलेल्या हकिगतींची ठिगळे लावून तिने स्वतःविषयीचे मत बनवले आहे, आणि ‘हिच्या बोलण्यात काय तथ्य असणार’ असे पोलिसांबरोबर आपणही म्हणत राहिल्यामुळे संशय जिथे घ्यायला हवा तिथे तो घेतलाच जात नाही. तिने पुन्हा बाटली उघडली की मी वैतागून पुस्तक मिटत असे. तो वैताग लेखिकेने आधीच हिशेबात धरला होता, हे फार उशिरा उमगले.

तिघींच्या बोलण्याची ढब मात्र पुरेशी वेगळी नाही. प्रकरणावरचे नाव झाकले तर काही परिच्छेदांत मेगन कोणती आणि ॲना कोणती हे ओळखता येत नाही. मेगनचे निवेदन मे २०१२ पासून आणि रेचलचे जुलै २०१३ पासून सुरू होत असल्याने मी शेवटी कोऱ्या पानावर पेन्सिलीने तारखा मांडल्या. अखेरची झटापट घाईने उरकल्यासारखी वाटते. २०१६ चा चित्रपट पाहिलेला नसेल, तर पुस्तक होईपर्यंत तो पाहू नये.